कान तुझे, दात माझे

माझं काम कपाटात चालतं. लोक हे ऐकून हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी पुस्तकं वाचते आणि लोक ती कानांनी ऐकतात. त्यासाठी कपड्यांच्या कपाटात नवऱ्याचे कोट आणि माझे स्वेटर यांच्यामध्ये स्टूल टाकायचं, दार ओढून घ्यायचं आणि मायक्रोफोनशी हळू आवाजात बोलायचं. लोंबणारे कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात. माझ्या सासऱ्यांच्या मते मी रोज सकाळी कपाटात बसून पुटपुटते, आणि या कामाला लोक काम म्हणतात म्हणजे जगाचं काही खरं नाही.

माझा नवराही घरूनच काम करतो. अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं तो बनवतो, म्हणजे पायाही न खणलेल्या घराच्या जिन्यावरून तुम्हाला फिरवून आणतो. ही चित्रं कॉम्प्युटरमध्ये तासन्‌तास शिजत पडतात. मध्ये थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून. शिजताना कॉम्प्युटर तापतो, तापला की त्याचे पंखे घर डोक्यावर घेतात. आणि तो कॉम्प्युटर उभा कुठे? माझ्या कपाटाला खेटून. दुसरी खोली सासऱ्यांची आणि तिसरी खोली नाहीच.

इतके दिवस मी छोट्या जाहिराती आणि गोष्टी वाचत होते, तेव्हा निभावून गेलं. मग एका मोठ्या कादंबरीचं काम समोर आलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला आख्खं जाडजूड पुस्तक देऊ म्हणत होतं. अट एकच: शुक्रवारपर्यंत पहिलं प्रकरण स्वच्छ आवाजात पाठवायचं. ते पसंत पडलं तर पुस्तक माझं, नाहीतर रांगेत आणखी दोघी उभ्या होत्या. मी नमुना पाठवला. तिकडे जो माणूस आवाज तपासतो त्याला आम्ही सगळे कानसेन म्हणतो. त्याचा लगेच फोन आला.

"वाचतेस छान," तो म्हणाला, "पण मागे गिरणी कुणाची आहे?"

त्या दिवशी मी नवऱ्यावर जी काय तोंडाची तोफ डागली, ती इथे लिहीत नाही. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पंखे काढूनच टाकतो. पाण्याने थंड करू."

पाणी आणि कॉम्प्युटर हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून मी आधी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. पण त्याने नीट समजावलं. तापणाऱ्या चिपवर तांब्याची पोकळ वडी बसवायची. तिच्यातून पाणी फिरवायचं. ते गरम पाणी नळीने रेडिएटरकडे न्यायचं, तिथे ते निवलं की दुसऱ्या नळीने परत आणायचं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. रेडिएटर त्याने भंगारातल्या एका मोटारीचा आणला होता, तो कपाटाच्या डोक्यावर बसणार होता, कारण खाली पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. त्याच्यावर एकच मोठा पंखा, डुलक्या काढत फिरल्यासारखा, बिनआवाजाचा. वडी आली, नळ्या आल्या, क्लिपा आल्या. राहिला फक्त पंप, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

कारण आमच्या घरात पंपाबद्दल बोलायचा अधिकार एकाच माणसाला आहे.

सासऱ्यांचं आयुष्य पंपांत गेलं. उंच इमारतींच्या गच्चीवर पाणी चढवणारे पंप ते विकायचे, बसवायचे, बिघडले की मांडीवर घेऊन दुरुस्त करायचे. दुकान आता दुसऱ्याकडे गेलंय, तरी रस्त्याने जाताना एखाद्या इमारतीशी थबकतात आणि म्हणतात, "हिचा मी बसवलाय." त्यांच्या कानांचे पडदे लहानपणीच कानदुखीने गेले, वयाबरोबर बारीक, उंच आवाजही गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, ते ड्रॉवरमध्ये सुखाने झोपलंय. "शिट्ट्या मारतं मेलं," असं त्यांचं म्हणणं. मग पंपाचा आवाज कसा पारखायचे? त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालत्या पंपावर टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. पंपाची सगळी दुखणी म्हणे दातांतून थेट डोक्यात ऐकू येतात. त्या मुठीवर त्यांच्या दातांच्या इतक्या खुणा आहेत की उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

आम्हा माणसांना मात्र त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून "बाबा, जेवायला चला" हे वाक्य रोज दोनदा अशा पट्टीत म्हणते की खालच्या मजल्यावरची माणसंही हात धुऊन घेत असतील. कपाटात तो मऊ आवाज आणि घरात हा खडा. त्यांच्या वाट्याला कायम खडाच आला.

नवऱ्याने पंपाचा विषय काढताच ते आरामखुर्चीतून ताठ उठले.

"पाणी किती उंच चढवायचंय?"

"कपाटाच्या डोक्यावर," नवरा ओरडला.

त्यांनी टेप आणून कपाट मोजलं. मग मनात दीडपट धरलं, मग "उन्हाळ्यासाठी" म्हणून आणखी थोडं धरलं. उन्हाळ्यात कपाट वाढतं की काय, हे मी विचारलं नाही. नवरा काहीतरी सांगायला गेला, पण बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते. दुपारी ते पंप घेऊन आले. पिठाच्या मोठ्या डब्याएवढा, निळा, आणि वर उचलायला कडी.

चाचणी न्हाणीघरात झाली. कॉम्प्युटर लांब ठेवून नुसत्या नळ्या जोडल्या होत्या, एवढं शहाणपण नवऱ्याने दाखवलं हे आमचं नशीब. बटण दाबताच नळी निसटली आणि पाण्याने आधी छत, मग आरसा आणि मग माझा नवरा धुऊन काढला. बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहत होते.

"दम आहे की नाही?" ते म्हणाले.

क्लिपा आवळल्या, तोटी निम्मी बंद केली, आणि पंप एकदाचा नीट चालला. नीट म्हणजे, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्यावर जसा आवाज येतो, तसा. मी दारात कानांवर हात ठेवून उभी होते. बाबा ओल्या फरशीवर मांडी घालून बसले, स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. मग मूठ बाहेर काढून समाधानाने म्हणाले, "लोण्यासारखा चालतोय. आवाज म्हणून नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. मग तो भ्याड माणूस ओरडून म्हणाला, "छान आहे, बाबा!"

झालं. पंप कॉम्प्युटरशेजारी विराजमान झाला, आणि नळ्या जाड काळ्या, त्यामुळे आतलं पाणी कुठून कुठे जातं ते दिसत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी मनाची समजूत घालून, दोन जाड रजया अंगावर घेऊन कपाटात बसले आणि एक पान वाचून पाठवलं.

"गिरणी गेली," कानसेन फोनवर म्हणाला, "पण तिथे आता विमान उतरतंय. हे बघ, शुक्रवारनंतर माझ्या हातात काही नाही. मला तुझाच आवाज हवाय, पण तो ऐकू तर यायला हवा ना?"

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. पुस्तक हातचं जात होतं, आणि ज्याच्यामुळे जात होतं त्याला ते माहीतच नव्हतं. उलट तो माणूस दर तासाला येऊन पंपावर हात फिरवून जात होता. नवऱ्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, मला नाही जमणार. तुला नाही जमणार तर मग मलाच जमवलं पाहिजे, असं म्हणून मी उठले.

कुणाला त्याचं उणं सांगायचं तर हळू सांगावं. पण बाबांना हळू सांगायची सोयच नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, हा पंप फार आवाज करतो. तुम्हाला तो ऐकू येत नाही. माझं पुस्तक जातंय."

 मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघत होता.

"कालपासून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते उठले, पंप सोडवला, पुसला, खोक्यात घातला आणि आपल्या खोलीत गेले. जेवायला बोलावलं तेव्हा आले, पण पानातल्या पदार्थांना मीठ कमी की जास्त हेही बोलले नाहीत. मला कसंसंच झालं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात ते मला तरी कुठे सापडलं नाही.

सकाळी उठून पाहते तर बाबा बूट घालून दारात उभे. शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता.

"तुला किती शांत हवंय?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला आणि ओरडले, "दोन वाक्यांच्या मध्ये मी श्वास घेते, तो ऐकू यायला हवा."

"हं." त्यांनी हे एखाद्या मापासारखं डोक्यात टिपून घेतलं. "चल मग. कान तुझे, दात माझे."

पंपाच्या दुकानाचा मालक त्यांचा जुना गिऱ्हाईक-मित्र-शत्रू असं सगळं काही होता. बाबांनी त्याला बादलीभर पाणी आणायला लावलं आणि छोटे पंप एकेक करून सोडायला सांगितले. बादलीच्या एका बाजूला मी, केस कानामागे सारून पाण्यावर वाकलेली. दुसऱ्या बाजूला बाबा, तोंडात स्क्रूड्रायव्हर. दुकानात आलेली माणसं आपापली खरेदी विसरून बघत उभी राहिली.

पहिला पंप मला आवडला. बाबांनी मूठ तोंडातून काढली आणि मान हलवली. "आत सैल आहे. आज गप्प आहे, महिन्याभरात बडबडायला लागेल." दुसरा त्यांना पसंत पडला, पण मला त्यात डास ऐकू आला. "डास," मी त्यांच्या कानात ओरडले. त्यांनी हुज्जत न घालता तो बाजूला ठेवला, यावर दुकानदाराचा विश्वासच बसेना. "माझ्याशी यांनी आयुष्यभर वाद घातला," तो मला म्हणाला, "आणि तुझं एका शब्दात ऐकतात?" हे वाक्य बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही.

एक पंप मुठीत मावेल एवढा होता, टेबलावरच्या शोभेच्या कारंज्यात घालतात तसा. दुकानदाराने तो सोडला. मी वाकले. काहीच नाही. आणखी वाकले, कान पाण्याला लागला. तरी काही नाही. बाबांनी टोक टेकवलं, डोळे मिटले, मग एक डोळा उघडून विचारलं, "चालू केलाय का?"

पाणी गोल फिरत होतं. चालू होता.

पण त्यांनी खोकं उलटून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. हा पंप पाणी चढवणार जेमतेम माझ्या कमरेइतकं, आणि आमचं कपाट नवऱ्याच्याही डोक्यावर जाणारं. "अर्ध्या वाटेत बसकण मारेल," ते म्हणाले. मी नवऱ्याला फोन लावला. तेव्हा कुठे त्या महाशयांनी तोंड उघडलं: ते बंद चक्र आहे, जेवढं पाणी एका नळीने वर जातं तेवढंच दुसरीने खाली येतं, आणि खाली येणारं वर जाणाऱ्याला ओढतं, पंपाला उचलायचं नसतंच, नुसतं फिरवायचं असतं. "सायकलच्या चेनसारखं," तो म्हणाला. हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. "बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते," तो म्हणाला.

मी हे सगळं भर दुकानात बाबांना ओरडून सांगितलं. त्यांना पटलं नाही. "वर गेलेलं पाणी परत पंपाकडे आलेलं मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले. "वर टाकी असते. पाणी टाकीत पडतं. विषय संपला." पण मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा श्वास ऐकू येईल?"

"येईल."

"मग घे."

घरी नवऱ्याने तो पंप घट्ट झाकणाच्या बरणीत बसवला, बरणीत पाणी भरलं, कपाटाखाली ठेवली आणि बटण दाबलं. या वेळी त्याने पारदर्शक नळ्या लावल्या होत्या, त्यांतल्या एकीतून पाणी चढायला लागलं. आम्ही तिघं मान वर करत करत बघत होतो. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. खोक्यावर लिहिलं होतं तस्संच. नवऱ्याने बरणी हलवली, नळी हलवली, देवाचं नाव घेतलं. पाणी हलेना. गुरुवार उजाडून दुपार झाली होती.

मला वाटलं बाबा म्हणतील, सांगितलं होतं. त्यांचा तो हक्कच होता. पण ते कपाटाजवळ गेले, नळीच्या रिकाम्या भागावर नखाने टकटक केलं, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाढवा, यात हवा आहे. पंप कोरडा चालवतोयस? माझा मुलगा म्हणवतोस?"

"पण बाबा, चक्र..."

"चेन सायकलवर बसवल्याशिवाय ओढेल का? आधी बंद कर."

त्यांनी स्टूल मागितलं. मी धरते म्हटलं तर नको म्हणाले, मग धरू दिलं. रेडिएटरच्या डोक्यावर झाकणाचं एक तोंड होतं, त्यात नरसाळं लावून ते वरून पाणी ओतू लागले, सावकाश, धार तुटू न देता. पाणी दोन्ही नळ्यांतून खाली उतरलं. बुडबुडे वर येत होते, ते नळीला टिचक्या मारून त्यांना वाट करून देत होते. नळ्या काठोकाठ भरल्या तेव्हा त्यांनी झाकण आवळलं आणि वरूनच हुकूम सोडला, "आता लाव."

नवऱ्याने बटण दाबलं. काहीच झाल्यासारखं वाटलं नाही. मग नळीत राहून गेलेला एक चुकार बुडबुडा हलला, वर गेला, रेडिएटरमध्ये नाहीसा झाला आणि थोड्या वेळाने दुसऱ्या नळीतून खाली येताना दिसला. बाबा स्टुलावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. एवढं आयुष्य पाणी वर पाठवलं, पण ते परत आलेलं ते पहिल्यांदाच बघत होते.

"येतंय की रे," ते म्हणाले, आणि मुलाच्या पाठीत एक जोरदार थाप मारली.

नवऱ्याने जोडांखाली कागद ठेवून गळतीची खात्री केली आणि मग धीर करून एक आख्खी इमारत शिजायला टाकली. बाबांनी दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला, एक कोमट, एक गार. मी कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. इतकी शांतता होती की मला सुरुवातच करवेना. मग वाचलं. पहिलं प्रकरण एका दमात वाचून संपवलं आणि त्याच संध्याकाळी पाठवून दिलं.

शुक्रवारी कानसेनचा फोन आला. "घर बदललंस का?" त्याने विचारलं.

"नाही. पंप बदलला."

"कसला पंप ते मला नको सांगू. पुस्तक तुझं."

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने मला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला. मग तो म्हणाला, आपण ऐकू या तरी, आणि प्रकरण स्पीकरवर लावून स्वयंपाकघरात गेला, कारण त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे होता. मी कपाटात पुढच्या प्रकरणासाठी कपडे नीट लावत होते. तेवढ्यात बाबा त्यांच्या खोलीतून आले. सकाळपासून तीनदा आले होते तसेच, पंपाला भेटायला. त्यांनी बरणीवर टोक टेकवलं आणि मान डोलावली. कॉम्प्युटरच्या पेटीवर टेकवलं, मान डोलावली. मग शेजारी टेबलावर तो लाकडी स्पीकर दिसला. हाही काहीतरी कुरकुरत असेल तर आताच कळलेलं बरं, असा विचार केला असावा. त्यांनी टोक स्पीकरवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

मग ते हललेच नाहीत.

मी कपाटाच्या फटीतून बघत होते. ते हळूच खुर्ची ओढून बसले, स्क्रूड्रायव्हर न हलवता. डोळे मिटलेले. कादंबरीतली बाई आगबोटीतून उतरली, तिचं सामान हरवलं, बंदरावरच्या माणसाशी तिचं भांडण झालं, आणि बाबांच्या भुवया तिच्या बरोबरीने वर-खाली होत होत्या. भांडणाच्या शेवटी ती एक तिरकस वाक्य बोलते, तिथे ते हसले. मूठ दातांत असल्यामुळे ते हसणं नाकातून आलं. मला बाहेर यायचं सुचेना. माझा हा आवाज त्यांनी आजवर कधी ऐकलाच नव्हता, आणि हे माझ्या तरी कुठे लक्षात आलं होतं? डोळे भरून आले. कोटाची बाही हाताशीच होती, तिलाच पुसले.

प्रकरण संपलं तेव्हा त्यांनी मूठ काढली आणि मी कपाटात आहे हे ठाऊक असल्यासारखं दाराकडे बघून विचारलं, "मग सामान सापडतं का तिचं?"

मी बाहेर आले आणि ओरडले, "पुढच्या आठवड्यात कळेल!"

"हा तुझा आवाज आहे?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं तू रागीट आहेस," ते म्हणाले.

"आहेच!" नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. ते फक्त मी ऐकलं.

बाबांनी पुन्हा टोक स्पीकरवर टेकवलं आणि मूठ दातांत धरून वाट बघत बसले. पानं घेतलेली होती, नवरा ताटं आपटत होता. मी रोजच्यासारखा श्वास भरून घेतला आणि तो तसाच सोडून दिला. परत कपाटात गेले, मायक्रोफोन सुरू केला, त्याचा आवाज बाहेरच्या स्पीकरवर घेतला आणि स्वेटरांच्या मधून, पुस्तक वाचते त्या आवाजात म्हणाले, "बाबा, जेवायला चला."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आलो," ते म्हणाले. "ओरडू नकोस, ऐकू येतं मला."